बदलीचं कारण

युद्ध सुरू झालं तेव्हा मी युक्रेनमध्ये डॉक्टरकीच्या तिसऱ्या वर्षाला होते. हंगेरीच्या सीमेपर्यंत कशी पोचले हे मी इतक्या वेळा सांगितलंय, की आता ती हकिगत दुसऱ्याच कुणाची वाटते. देवासला परतले तेव्हा कॉलनीच्या फाटकाशी लोक हार घेऊन उभे होते. हिंदी पेपरात फोटो आला. शेजारच्या काकूंनी मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. आठ-दहा दिवस हे चाललं. मग तेच लोक रस्त्यात थांबवून विचारायला लागले, "अब आगे क्या, बेटा?"

पुढे काय, ते मलाही ठाऊक नव्हतं. एप्रिलपासून आमचे वर्ग ऑनलाइन सुरू झाले. तिकडचे साडेआठ म्हणजे आपले अकरा. मी मागच्या खोलीत लॅपटॉप लावून बसायची, आणि स्वयंपाकघर भिंतीपलीकडेच. आमच्या तुकडीची जबाबदारी एका बाईंकडे होती. तिकडे प्रत्येक तुकडीला अशी एक पालक-शिक्षिका असते. आम्ही सीमेकडे चालत निघालो होतो तेव्हा या बाईंनी दर तासाला फोन करून आम्हा बारा जणांची हजेरी घेतली होती. आता त्या घराच्या पॅसेजमध्ये, अंगात कोट घालून, आम्हाला शरीरविकृतिशास्त्र शिकवत होत्या. खिडक्या असलेल्या खोलीत त्या बसत नसत.

एकदा माझा माइक चुकून चालू राहिला आणि आईच्या कुकरची शिट्टी झाली. बाई बोलता बोलता थांबल्या. त्यांचे खांदे आक्रसले, मान वर गेली. मी "सॉरी, सॉरी, किचन" म्हणत माइक बंद केला. त्या हसल्या आणि पुढची स्लाइड लावली. त्या दिवसापासून आईने अकरा ते दोन कुकर लावणं सोडलं. डाळ ती सकाळी सातलाच शिजवून ठेवायची.

रुग्णाला हात न लावता असं डॉक्टर होता येत नाही, हे मला कळत होतं. भारतातली कॉलेजं आम्हाला मधूनच घ्यायला तयार नव्हती. आमच्या प्रवेशाबद्दल कोर्टात काय चाललंय याची बातमी बाबा रोज वाचून दाखवायचे, आणि रोज तिच्यात काही नसायचं. मी दिवसभर त्या खोलीत असायची. बाहेर पडलं की प्रश्न, आत राहिलं की भिंत.

मग इंदूरचा एक एजंट भेटला. रशियातली विद्यापीठं आमच्यासारख्यांना बदलीवर घेतायत, म्हणाला. वर्ष वाया जाईल, पण डिग्री मिळेल.

"रशिया?" मी म्हटलं. "बाबा, आमच्या बाईंवर बॉम्ब कोण टाकतंय?"

बाबा इथल्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. बाविसाव्या वर्षी साताऱ्याकडचं घर सोडून, इथली भाषासुद्धा येत नसताना आलेले. ते चिडले नाहीत. म्हणाले, "मला ठाऊक आहे कोण टाकतंय. पण तू मला दुसरा रस्ता दाखव. एक दाखव."

त्या रात्री मी बदलीला काय काय लागतं ते बघितलं.

रशियाला जायचं तर आधीच्या विद्यापीठाचा कागद हवा. किती विषय झाले, किती तास झाले, किती गुण मिळाले, सगळं शिक्क्यानिशी. शिवाय माझी बारावीची मूळ गुणपत्रिका तिकडच्या ऑफिसच्या कपाटात होती. आणि हे सगळं मागायच्या अर्जात एक रकाना होता: बदलीचं कारण.

एजंटने फोनवर सांगितलं, "बेटा, रशिया का नाम मत लेना. लिखो, अपने देश लौट रही हूँ, फैमिली रीज़न. बस."

तो अर्ज तीन आठवडे माझ्या लॅपटॉपमध्ये तसाच पडून होता.

त्याच काळात आईने मला धारला तिच्या काकांकडे पाठवलं. मी त्यांना आजोबा म्हणते. आईच्या माहेरचे लोक पूर्वी संस्थानात अधिकारी होते. आजोबांनी मात्र जन्मभर शाळेत गणित शिकवलं, आणि आता ते बाजारामागच्या एका दुमजली घरात वर एकटे राहायचे. आमच्या सगळ्या गोतावळ्यात रशियन येणारा माणूस हा एकच. तरुणपणी ते इंदूरला जाऊन संध्याकाळच्या वर्गात तीन वर्षं रशियन शिकले होते. मी युक्रेनमध्ये युक्रेनी शिकले होते. अक्षरं बरीचशी तीच, पण बोलायला गेलं की गाडी अडायची.

देवासहून इंदूर, तिथे बस बदलून धार. बस स्टँडवर रिक्षावाल्याने बॅग उचलत विचारलं, "भिया, कां जाणो?" कुठे जायचं, भाऊ? मी मुलगी आहे हे बघूनही 'भिया'. खूप दिवसांनी मी हसले.

आजोबा दाराशीच उभे होते. "ये बाळ. हातपाय धू. आणि उद्यापासून माझ्याशी हिंदी बोलायचं नाही. मराठी नाहीतर रशियन."

मी शाळा हिंदीतून केलेली. मराठी वाचताना आजही बोट ठेवावं लागतं. त्यामुळे पहिले दोन दिवस आम्ही जवळजवळ मुकेच होतो.

सकाळी पूजा झाली की ते सोवळं सोडून धोतर नेसायचे आणि शिकवायला बसायचे. त्यांच्याकडे पिवळी पडलेली एक वही होती. डावीकडे रशियन शब्द, उजवीकडे मराठी. रशियनमध्ये एक 'इ' आहे, ती घशातून काढायची. आजोबा म्हणायचे, "दाढ दुखतेय असं समज आणि मग इ म्हण." मी म्हणायची आणि खालच्या मजल्यावरचे भाडेकरू वर येऊन विचारायचे, तबियत ठीक है ना?

चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांनी मला 'पेरेवोद' हा शब्द दिला. "याचे दोन अर्थ. एक, भाषांतर. दुसरा, एका ठिकाणाहून दुसरीकडे नेमणूक होणं. म्हणजे तुझी बदली."

"मला नकोय ती बदली," मी म्हटलं.

त्यांनी वही मिटली. "मग कशाला आलीस?"

"घरात बसवत नाही म्हणून."

त्यांनी उठून चहा टाकला. चहा घेताना म्हणाले, "मला रशियात इंजिनिअरिंगला जागा मिळाली होती. पत्र आलं होतं. मी ते सरळ वडिलांच्या हातात नेऊन दिलं. ते म्हणाले, म्लेच्छांच्या देशात जाऊन आपण काय करणार? पत्र त्यांनी कपाटात ठेवलं. मी मागितलं नाही, त्यांनीही परत दिलं नाही."

"मागायचं नाही का?"

"तुला वाटतं तितकं सोपं नव्हतं ते," आजोबा म्हणाले, आणि कप धुवायला गेले.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणं झाल्यावर, मी अर्ज उघडला आणि लिहिलं: स्वदेशी परत जात आहे, कौटुंबिक कारण. लिहून लगेच पाठवून टाकला. नाहीतर पुन्हा तीन आठवडे गेले असते.

दोन दिवसांनी बाईंचा व्हिडिओ कॉल आला. त्यांचा चेहरा सुकला होता. त्यांचा भाऊ आघाडीवर गेला होता, हे आम्हाला माहीत होतं. त्याचं काय झालं, हे विचारायची हिंमत कुणी केली नव्हती.

"म्हणजे तू भारतात पुरं करणार?" त्यांनी त्यांच्या मोजक्या इंग्रजीत विचारलं.

"हो."

"आईजवळ?"

"हो, आईजवळ."

"छान. फार छान," त्या म्हणाल्या आणि मला 'दोनेच्को' म्हणाल्या, म्हणजे लेकी. "मी स्वतः ऑफिसात जाते. वीज असली की शिक्का मारून घेते."

फोन ठेवला तेव्हा आजोबा दारात उभे होते. इंग्रजी त्यांना कळत होतं.

"खोटं बोललीस."

"हो."

मला वाटलं, आता रागावतील. त्यांनी रागवावं अशी माझी फार इच्छा होती. ते खाली बसले, वही उघडली आणि म्हणाले, "कालचे वीस शब्द म्हण." मी म्हटले. एकही चुकला नाही, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटली.

कागद सव्वा महिन्याने देवासच्या पत्त्यावर आले, पोलंडमार्गे. बारावीची गुणपत्रिका प्लास्टिकच्या पाकिटात नीट घातलेली. प्रत्येक विषयापुढे तास, गुण, गोल निळा शिक्का. विषयांची यादी मी नीट वाचली. दोन पेपर मी दिलेच नव्हते, कारण त्या आठवड्यात मी सीमेवर होते. बाईंनी वर्गातल्या कामावरून त्यांचे गुण दिले होते, पुरेसे. खाली कारणाच्या रकान्यात टाइप केलेलं होतं: मायदेशी परत. हाच कागद आम्ही रशियनमध्ये भाषांतर करून, नोटरी करून, रशियाला पाठवला.

बाबांनी पेढे आणले. मला ते खाववेनात. आईने पेढ्यांचा डबा उचलून फ्रीजमध्ये ठेवला आणि म्हणाली, "ज्याला वाटेल तो खाईल."

रशियात मला एक वर्ष मागे बसवलं. पुन्हा तिसरं वर्ष, पुन्हा तीच पुस्तकं. माझं रशियन ऐकून दुकानातल्या बायका हसायच्या. आजोबांच्या वहीतले शब्द त्यांच्या आज्यांच्या तोंडी असायचे म्हणे. शिक्षक चांगले होते. हे लिहायला मला जड जातं, पण चांगले होते. वॉर्डातल्या म्हाताऱ्या बाया मला उकडलेली अंडी द्यायच्या. एकीचा नातू तिकडे लढायला गेला होता. ती त्याचा फोटो दाखवायची आणि मी मान हलवायची. कुठे होता, ते मी विचारलं नाही. मी त्या देशात कुणालाच काही विचारलं नाही.

पहिल्या वसंतात बाईंचा मेसेज आला. नव्या कॉलेजात कोणता विषय चालू आहे? भारतात आता फार गरम असेल ना? मी तो वाचला आणि उत्तर दिलं नाही. नंतर माझ्या वाढदिवसाला आला. त्यालाही नाही. फोनमध्ये त्यांचं नाव दिसलं की मी स्क्रीन उलटी करून ठेवायची.

दुसऱ्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी देवासला आले होते. एक दिवस धारला आजोबांकडे गेले. ते बरेच थकले होते. जेवताना त्यांनी अचानक विचारलं, "त्या बाईंना सांगितलंस का?"

"नाही."

"सांगणार आहेस?"

"काय उपयोग? त्यांना फक्त वाईट वाटेल."

"त्यांना वाटेल तेव्हा वाटेल," आजोबा म्हणाले. "तू किती वाळलीस ते बघ."

मी तिथेच, त्यांच्या गॅलरीत बसून लिहिलं. भारतात नव्हते. रशियात आहे. तुमच्याशी खोटं बोलले. माफी मागितली नाही, कारण काय म्हणून मागायची ते सुचेना.

उत्तर नऊ दिवसांनी आलं. मी देवासला, त्याच मागच्या खोलीत होते. त्यांनी युक्रेनीत लिहिलं होतं, सावकाश वाचावं लागलं. "मला सही करतानाच माहीत होतं. तुमची कॉलेजं तुम्हाला घेत नव्हती, हे आम्हीही वाचलं होतं. तू दुसरीकडे कुठे जाणार होतीस? मी तुला खरं बोलायला लावलं असतं, तर मला सही करता आली नसती. डॉक्टर हो. मला पुन्हा लिहू नकोस."

मी ते आईला वाचून दाखवलं, मराठीत करून. आई पलंगावर बसली. मग म्हणाली, "लिहू नको म्हणतात ना, तर नको लिहूस. तेवढं तरी त्यांचं ऐक."

मी ऐकलं. त्यांचा भाऊ परत आला की नाही, मला माहीत नाही.

यंदा सहावं वर्ष संपलं आणि डिग्री मिळाली. पण परदेशातून आलेल्यांना इथली परीक्षा पास होईपर्यंत प्रॅक्टिस करता येत नाही. पहिल्या खेपेला मी थोडक्या गुणांनी राहिले. सध्या पुन्हा अभ्यास चालू आहे. सकाळी नऊ ते एक, मग तीन ते आठ. सत्ताविसावं लागलं. कॉलनीतले लोक बीपी मोजायला येतात, मी मोजते, औषध मात्र लिहून देत नाही. बाबा निवृत्त झालेत. ते पलीकडच्या खोलीत टीव्ही आवाज बंद करून बघतात. मी त्यांना सांगितलंय की आवाज चालेल. ते ऐकत नाहीत.