बाळंतिणीच्या मानेवरचं तेल

कविताला पुन्हा हुडहुडी भरली. छाती साफ, लघवी साफ, पोटात पू नाही, मलेरिया नाही. ताप मात्र हटेना. बाळंतपणात अतोनात रक्त गेलं म्हणून तिला खालापूरकडच्या गावातून आमच्या खोपोलीच्या आयसीयूत आणलं होतं. त्यातून वाचलेली पोर आता तापानं जाते की काय, अशी मला धास्ती वाटायला लागली. बाळाला तिनं अजून नीट पाहिलंही नव्हतं.

हॉस्पिटलमधल्या संसर्गावर नजर ठेवणं हे माझं काम. म्हणजे सगळ्यांना हात धुवायला लावायचं आणि सगळ्यांच्या शिव्या खायच्या. मी आधी तिची मान बघितली. तिथे सेंट्रल लाइन होती, म्हणजे मोठ्या शिरेतून हृदयाजवळ नेलेली बारीक नळी. तिच्यातून औषध झटकन पोचतं, आणि जंतू शिरला तर तोही. म्हणून नळी कातडीत शिरते तिथली पारदर्शक पट्टी पक्की चिकटलेली लागते. इथे तिच्यावर कागदी टेपची ठिगळं होती.

"हे काय?"

"सारखी सुटते, मॅडम. म्हणून वरून टेप मारतो," ड्युटीवरची सिस्टर म्हणाली.

"का सुटते, ते बघितलंत?"

मी हात धुऊन ग्लोव्हज घातले आणि टेप सोलली. खोबरेल तेलाचा वास आला. खालची कातडी लालभडक.

"साहेब, ही लाइन काढा," मी आयसीयूच्या डॉक्टरांना म्हटलं.

"काढून औषध कुठून देऊ?" डॉक्टर वैतागले. "हात सुजलेत, शीर मिळत नाही."

"दुसऱ्या बाजूनं नवी घाला. ही ठेवलीत तर औषध द्यायला पेशंट उरणार नाही."

जरा जास्तच बोलले, पण त्यांनी ऐकलं. आधी नळीतून आणि हातातून रक्त तपासणीला घेतलं. हातातून काढताना साहेबांना घाम फुटला. मग नळी बदलली.

संध्याकाळी भेटीच्या वेळी कविताची आई आली. पदराखाली तेलाची बाटली.

"मावशी, तेल लावता हिला?"

"मंग? बालंतीन हाय ती. टाळूला, मानंला त्याल नाय लावलं तर वारं भरंल ना गं बाय! इथं तर यवढा गार एसी."

माझा राग तिथेच विरघळला. आमची सगळ्या सिस्टरांची बाळंतपणं तेलातच झालेली, तरी एकीच्याही डोक्यात हे आलं नव्हतं.

"मानेला हात लावू नका. तेलानं पट्टी सुटते आणि नळीतून जंतू आत जातो. पाय चोळा, हवे तेवढे."

तिनं पाय असे रगडले की ग्लानीतही कविता कुरकुरली.

दोन्ही नमुन्यांत एकच जंतू निघाला, नळीतल्या रक्तात आधी वाढलेला, म्हणजे त्याचं घर नळीतच होतं. त्यानुसार औषध बदललं. ताप उतरत गेला आणि एका सकाळी कवितानं स्वतःहून बाळाला मागितलं. मला रडूच आलं.

"पायाला त्याल लागलं तवा उतरला ताप," आई वॉर्डभर सांगत होती. मी वाद घातला नाही.

आमच्याकडे आता पट्टी सुटली की टेप मारत नाहीत, पट्टीच बदलतात. आणि बाळंतीण आली की तिच्या आईला आधी विचारतात, तेलाची बाटली कुठे आहे.