चाकांवरच्या घराला शेजार हवा

मस्कतच्या आसपास एक गाडी उभी करण्यापुरतीही धड जागा नाही, असं ठामपणे सांगणारा माणूस उभ्या ओमानात एकच असेल, आणि तो माझा साडू आहे. समोर मैलोन्‌मैल मोकळं माळरान, एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला बोडके डोंगर, औषधालाही माणूस नाही, तरी साडूभाऊ खाली उतरणार, कमरेवर हात ठेवून चौफेर बघणार आणि म्हणणार, "छे हो, इथे जमायचं नाही." अर्थात त्यांची गाडी साधी गाडी नव्हती. रुसैलच्या ज्या कारखान्यात ते मेंटेनन्सचे फोरमन होते, तिथला एक जर्मन इंजिनिअर नोकरी संपवून मायदेशी परतताना आपली अवाढव्य मोटारहोम मागे सोडून गेला. बंद पडलेली, टायर बसलेले, आत उंदरांनी थाटलेला संसार. साडूभाऊंनी अर्बाबाकडे, म्हणजे मालकाकडे, ती मागितली आणि पुढचे आठ महिने ड्यूटी संपली की तिच्या पोटाखाली शिरून काढले. आत दोन शेगड्या, घडीचं टेबल, सहा जणांची झोपायची सोय, इवलासा संडास. आमच्या रुवीच्या इमारतीसमोर ती उभी राहिली की तळमजल्यावरच्या तिन्ही दुकानांत भरदुपारी दिवे लावावे लागत. साडूभाऊंनी दाराला तोरण लावलं, दुधाच्या पावडरीच्या डब्यात तुळस लावून डबा खिडकीला तारेनं घट्ट बांधला, आणि त्या दिवसापासून तिला गाडी म्हणणं सोडलं. "जरा घरात डिझेल भरून येतो," असं ते अगदी सरळ चेहऱ्यानं सांगत.

हा सगळा खटाटोप मनवासाठी होता. मनवा त्यांची आणि ताईंची, म्हणजे माझ्या मेहुणीची, एकुलती एक मुलगी. त्या काळी तिकडच्या आपल्या मुलांनी बारावी झाली की कॉलेजसाठी देशाची वाट धरायची, हे ठरलेलंच. एप्रिलमध्ये ती पुण्याला जाणार होती, आणि त्याआधी एकदा तरी सगळ्यांनी मिळून या घरात मुक्काम करायचा, असं साडूभाऊंनी मनात घेतलं होतं. "पुढच्या वर्षीपासून ती सुट्टीला येणार. म्हणजे पाहुणीच की हो," असं एकदा मला म्हणाले, आणि आधीच घट्ट असलेला एक नट उगाच पिळत बसले.

अडलं होतं ते जागेपाशी. आठवड्याची सुट्टी तेव्हा गुरुवार-शुक्रवारची. दर गुरुवारी आम्ही दोघं जागा बघायला निघायचो. साडूभाऊ गवंड्याची पाणसळ जमिनीवर ठेवून तिच्यातला बुडबुडा निरखत, आणि मी पंचासारखा बाजूला उभा. मत्रहच्या बंदरावर घर उभं केलं, तर पाचव्या मिनिटाला पोलीस आला. बिचारा फार अदबीनं म्हणाला, "सदीक, दोस्ता, घर फार सुंदर आहे, पण हा रस्ता आहे." सीबच्या किनाऱ्यावर चाकं वाळूत रुतली आणि कोळ्यांनी "यल्ला, यल्ला" करत दोन पिकअप लावून आम्हाला ओढून काढलं. कोरड्या वादीत, म्हणजे ओढ्याच्या पात्रात, साडूभाऊ पाऊल टाकीनात. डोंगरात कुठे पाऊस पडला तर घर थेट समुद्रात जाईल म्हणे. थेट सहमपर्यंत गेलो, तर एका म्हाताऱ्या ओमानी शेतकऱ्यानं खजूर आणि कहवा पुढे करून, महिनाभर राहा, असा आग्रह धरला. पाणी होतं, सावली होती, बुडबुडा बरोबर मध्यभागी होता. तरी साडूभाऊ परत निघाले.

मी वैतागलो. "अहो, आता इथे काय खोट आहे?"

"शेजार कुठाय? मीठ संपलं तर मागायचं कोणाकडे?"

"ताईंनी किलोभर मीठ भरून ठेवलंय डब्यात!"

"मीठ आहे हो," ते शांतपणे म्हणाले. "पण मागायचं कोणाकडे?"

या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसे. लोक एकांतासाठी तंबू ठोकतात, यांना शहराबाहेर जाऊन शेजारी हवा होता. मनवाचं इंग्रजीतून वेगळंच चालू. "बाबा, प्लीज, इट्स सो एम्बॅरसिंग. तो तोरण तरी काढा ना." पाहता पाहता मार्च संपत आला, परीक्षा आटोपली आणि तिच्या तिकिटाच्या तारखेआधी शेवटचा एकच गुरुवार उरला. त्या दिवशी संध्याकाळी साडूभाऊ हट्टाला पेटून आम्हा सगळ्यांना, म्हणजे ताई, मनवा, मी आणि माझी बायको यांना घेऊन रुसैलच्या कारखान्याच्या यार्डातून निघाले. कुठे, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. आणि दहा मिनिटांत, कामगारांच्या कॅम्पमागच्या मैदानात, फॅनबेल्ट तुटला.

साडूभाऊ पायरीवर बसले. त्यांचा तो चेहरा मी कधी पाहिला नव्हता. बेल्टची दुकानं सकाळीच उघडणार होती. ताई म्हणाल्या, "टॅक्सी करून घरी जाऊ या का?" त्यांनी मान डोलावली खरी, पण उठले नाहीत.

तेवढ्यात कॅम्पमधून आपल्याकडची माणसं आली. त्यांतला कुडाळकडचा आचारी हातात झाकलेली वाटी घेऊन आला. "वैनी, बांगड्याची कढी आसा. सायबांका सांगा, आज हयच ऱ्हवा." ताईंनी वाटी घेतली आणि कोणी काही सांगायच्या आत शेगडी पेटवून शिरा टाकला, कारण वाटी रिकामी परत कशी द्यायची? साडूभाऊंनी शिऱ्याचा वास घेतला, आत गेले आणि हँडब्रेक ओढला. पाणसळीला हात लावला नाही.

शिऱ्याच्या वाटीमागून आणखी वाट्या आल्या. माणसं मात्र अदबीनं लांब उभी होती, नुसती घराकडे बघत. बाईमाणूस स्वयंपाक करतंय, हे त्यांतल्या कित्येकांनी दोन-दोन वर्षं पाहिलं नव्हतं. मग एक जण इस्त्रीचा शर्ट घालून मनवापाशी आला. त्याची मुलगी दहावीला होती; तिच्यासाठी घेतलेल्या कार्डावर इंग्रजीत चार शब्द लिहून हवे होते. मनवानं लिहून दिले. मग दुसरा आला, मग तिसरा. पायरीवर बसून ती अडखळत्या मराठीत एकेकाला विचारत होती, "तिचा नाव काय? तिला काय आवडते?" साडूभाऊ आतून बघत होते. मला त्या क्षणी या विक्षिप्त माणसाची फार माया आली.

शुक्रवारी दुपारपर्यंत कामगारांनीच बेल्ट आणून बसवला. निघताना मनवा म्हणाली, "बाबा, अजून एक दिवस राहू या ना इथे?"

"उद्या ड्यूटी आहे बाळा," साडूभाऊ म्हणाले, आणि गाडी सुरू केली.

रुसैलहून रुवी म्हणजे अर्ध्या तासाचा सरळ रस्ता. मनवा पुढे त्यांच्या बाजूला बसली होती. मागून ट्रकवाले भोंगे वाजवत होते, शेजारून पाण्याचे टँकरसुद्धा आम्हाला मागे टाकून जात होते. गाडीला काहीही झालेलं नव्हतं. घरी पोचायला आम्हाला दोन तास लागले, आणि वाटेत कोणी एकदाही विचारलं नाही, की इतकं हळू का.