काळ्या ठिपक्यांच्या गावी

दिवाळीनंतरच्या शनिवारी मी आणि पप्पा कोकणात गेलो, ते फिरायला नव्हे, माफी मागायला.

झालं असं. मी हिंजवडीत आकडेवारीचं काम करते. गेल्या हिवाळ्यात आमच्या चर्चच्या तरुण संघाने दिवेआगरच्या पलीकडच्या एका गावचा किनारा साफ केला. समुद्र देवाचा, आपण नुसते राखणदार, असं आमचे पाळकसाहेब सांगत. मला ते भिडलं होतं. उचललेली प्रत्येक बाटली, पिशवी, चप्पल मी नोंदवली आणि त्यातून इंटरनेटवर एक हलतं चित्र केलं. कोकणचा अख्खा किनारा निळा, आणि उचललेल्या प्रत्येक वस्तूचा एक काळा ठिपका. लोकांनी ते भरभरून शेअर केलं.

मग मालतीताईंचा फोन आला. त्या पर्यटकांना घरातल्या खोल्या देतात; आमचा संघ त्यांच्याच घरी उतरला होता. "अहो, तुमच्या चित्रात आमचं गाव काळंकुट्ट आहे म्हणे. दिवाळीला येणारी तीन कुटुंबं नको म्हणाली."

आम्ही तिथेच मोजलं, म्हणून तिथेच काळं. एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. मी फोनवर सॉरी म्हणाले. पप्पा कारखान्यातून निवृत्त झालेले, कमी बोलणारे. "माफी काय फोनवर उरकायची असते?" एवढंच म्हणाले.

विश्रांतवाडीहून पहाटे साडेपाचला निघालात तर चांदणी चौक मोकळा मिळतो. पुढे पिरंगुट, मुळशी, ताम्हिणी. पेट्रोल आधीच भरा. माणगावात मिसळ खाल्ली. पुण्याच्या मिसळीची आठवण काढली नाही तर बरी लागते. म्हसळ्यानंतर रस्ता अरुंद आणि वळणांचा आहे, घाई करू नका. थांबत-थांबत साडेपाच तास लागले.

मालतीताईंनी आधी जेवायला वाढलं. सुरमई, तांदळाची भाकरी, सोलकढी. "ताई, माझं चुकलं," मी म्हणाले.

"दाखवा तरी ते चित्र."

त्यांनी फोन हातात घेऊन बराच वेळ पाहिलं. "छान केलंय हो," त्या म्हणाल्या, आणि मला आणखीच लाज वाटली. "पण आम्ही रोज सकाळी उचलतो, ते कुठे आहे यात?"



रविवारी सकाळी पप्पा आणि मी मालतीताईंबरोबर किनाऱ्यावर गेलो. चार बायका, चार टोपल्या. ना बॅनर, ना फोटो. आदल्या रात्रीच्या भरतीने तुटकी जाळी, थर्माकोल, बाटल्या आणून टाकल्या होत्या. वर सुरूच्या झाडांखाली सहलवाल्यांच्या खाऊची रिकामी पाकिटं पडली होती. एक उचलून मालतीताईंनी मला दिलं. त्यावर पुण्यातल्या एका फरसाणवाल्याचा पत्ता होता.

"तुमच्याकडचं वाटतं," त्या म्हणाल्या. बायका हसल्या. मीही हसले, पण पाकीट खिशात ठेवलं.

त्या रविवारी आमचं चर्च बुडालं. पप्पांनी तिथेच वाळूत उभं राहून प्रार्थना केली. "देवा, तू राखायला दिलंस आणि आम्ही राखणाऱ्यांनाच डाग लावला. आम्हाला क्षमा कर." मालतीताई हात जोडून शेजारी उभ्या राहिल्या.

निघताना मी विचारलं, चित्र नव्याने करते, त्यात तुमची टोपली दाखवू?

"नको. आमचं गाव नकोच त्यात. उचलायला हात हवे असतील तेव्हा या."

म्हणून इथेही गावाचं नाव लिहिलेलं नाही. घरी आल्यावर मी चित्र काढून टाकलं आणि त्या जागी माझी चूक सविस्तर लिहिली. पण शेअर झालेलं परत येत नाही. ते अजून कुठे-कुठे फिरतंय. दिसेल तिथे मी एकेकाला उत्तर लिहिते. नाताळच्या आठवड्यात आमच्या संघातले सहाजण मालतीताईंकडे जाणार आहेत, पाहुणे म्हणून पैसे देऊन, आणि सकाळी टोपल्या घेऊन.

काल एकाने विचारलं, एवढं सुंदर चित्र का काढून टाकलंत?

मी लिहिलं, "त्यात कचरा सगळा मोजला होता. माणसं मोजायची राहिली होती."