मुकादमभाईंनी दिलेली लाइन

मूर्खपणा आधीच कबूल करते, म्हणजे पुढे वाचताना तुम्हाला माझ्याबद्दल उगाच आदर वाटायला नको. इंटरकॉमचा रिसिव्हर काढून बाजूला ठेवला की फोन बंद होतो, असं मी वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत ठाम समजत होते. दिव्याचं बटण बंद करावं, तसं. आणि ही बाई दिल्लीत पहाडगंजला मराठी शाळेत तीस वर्षं शिकवून आलेली! भूगोल शिकवत होती, हे त्या मुलांचं नशीब.

रोज दुपारी जेवण झालं की मी रिसिव्हर उशीखाली दाबून झोपायची. कारण गेटवरचा गार्ड. डोळा लागतो न लागतो तोच, “मॅडमजी, कुरियर आया है,” नाहीतर “मॅडमजी, गाडी हटवा दीजिए.” आमच्याकडे गाडी नव्हतीच.

मुकादमभाई आमच्या बरोबर खालच्या फ्लॅटमध्ये राहायचे. मूळचे रत्नागिरीकडचे, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. कुणाच्याही घरी गेले तरी आधी फोनकडे जायचे, रिसिव्हर उचलायचे आणि डोळे मिटून नुसते ऐकत उभे राहायचे. हॅलो नाही, काही नाही. वैद्य नाडी बघतो तसा चेहरा. मी हसले की म्हणायचे, “आधी तिला बोलू द्या, वहिनी. मग आपण बोलू.” ‘ती’ म्हणजे लाइन. सोसायटीच्या इंटरकॉमचं लोखंडी कपाट गार्डच्या केबिनशेजारी होतं. ते बसवणारे लोक केव्हाच गायब झाले होते, त्यामुळे आतल्या हिरव्या सर्किट-कार्डांची देखभाल भाईच करायचे. हातात मऊ ब्रश, खांद्यावर टॉवेल, जणू नातवंडांना न्हाऊ घालताहेत.

त्यांच्या बायकोला, शमीमभाभींना, अर्धांगवायू झाला आणि वाचा गेली. डावा हात तेवढा चालायचा. भाई औषधाला, भाजीला बाहेर पडणार कसे? एक दिवस वर आले आणि म्हणाले, “वहिनी, मी कपाटात सेटिंग केलंय. हिने नुसता रिसिव्हर उचलला, नंबर लावायला नको, की तुमच्याकडे घंटी वाजेल. बोलणं येणार नाही. वाजली की खाली या, बस.” घराची किल्ली माझ्या हातात ठेवली. मला वाटलं, यांनी भिंतीतून खास तार ओढली असणार. ती थोडीच माझ्या उशीला जुमानणार! म्हणून किल्ली देवघरात ठेवली आणि दुपारचा रिसिव्हर उशीखालीच राहिला. गार्डसाठी बंद, भाभींसाठी चालू. केवढी सोय!

मग ती दुपार आली. भाई बँकेत गेले होते. साडेचारला मी चहा टाकत होते तर दार वाजलं. दारात भाई, घामाघूम. घरात आले ते सरळ माझ्या खोलीत गेले, वायर उशीखाली गेलेली दिसली तशी उशी उचलली आणि खालचा रिसिव्हर बघितला. त्यांनी तो नीट जागेवर ठेवला आणि जिना उतरून गेले.

मागोमाग मी धावले. भाभी खुर्चीवरून घसरून फरशीवर बसलेल्या होत्या. कपडे ओले. डाव्या हातात रिसिव्हर अजून घट्ट धरलेला आणि त्यातून टूं टूं टूं चाललेलं. दीड तास त्या माझ्याकडून तेच ऐकत होत्या. मला बघून त्यांनी मान वळवली. लागलं काही नव्हतं. पण ती वळवलेली मान मला आजही दिसते.

दुसऱ्या दिवशी किल्ली परत करायला निघाले, तर भाईच वर आले. हातात एक जुनं कार्ड. ते जेवणाच्या टेबलावर ठेवलं, आणि मला वाटलं आता ओरडतील. ते शिकवायला बसले.

“गच्चीवर टाकी भरलेली आहे. नळ बंद, म्हणून पाणी वाहत नाही. पण जोर उभाच असतो. बरोबर? या कार्डातून तुमच्या दोन तारांवर तसा विजेचा जोर कायम उभा असतो. रिसिव्हर ठेवला म्हणजे नळ बंद. उचलला की नळ उघडला, करंट वाहिला. वाहिला की कार्डाला कळतं, बाई बोलायला आल्या.”

“म्हणजे दुपारभर माझं पाणी वाया गेलं?” दिल्लीच्या द्वारकेत राहणाऱ्या बाईला पाणी म्हटलं की टँकरच आठवतो.

“पाण्याचं सोडा, वहिनी! तुम्ही उशीखाली ठेवलात, कार्ड समजलं तुम्ही बोलताय. मग जो कुणी लावेल त्याला ते सांगणार, बिझी आहेत.”

“आणि भाभींची वेगळी तार?”

“वेगळी तार नाहीच! याच दोन तारा. यांवरूनच घंटी येते, तिचा झटका मोठा असतो. तुम्ही उचलताच कार्ड ती तोडतं, नाहीतर कान फुटेल. यांवरूनच बोलणं जातं आणि यांवरूनच येतं.”

“दोन्ही एकदम? आपटत नाहीत?”

“कार्ड जाणारं वेगळं करतं, येणारं वेगळं करतं.”

मी मान डोलावली. मनातल्या मनात मेट्रोची जाणारी आणि येणारी गाडी एकाच रुळावर घालून बघितली, दोनदा टक्कर झाली. भाईंनी माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा टाकीपासून सुरुवात केली. चार वेळा. शेवटी मला कळलं ते एवढंच: भाभींचं बोलणं गेलं होतं, तरी उचललेला रिसिव्हर त्या कार्डाला कळत होता. फक्त माझ्यामुळे तो पुढे पोचला नाही.

भाई गेल्याला आता सहा वर्षं झाली, भाभी त्यांच्याआधी गेल्या. अजूनही फोन ठेवल्यावर मी वरून एकदा दाबून बघते. नातू हसतो, “आजी, यार, मोबाइल आहे तो!”

त्या दिवशी शिकवून झाल्यावर भाई उठायला लागले, तेव्हा मी किल्ली त्यांच्यापुढे सरकवली. “मुकादमभाई, ही लाइन दुसऱ्या कुणाकडे द्या. कुणा शहाण्याकडे.”

त्यांनी कार्ड टॉवेलात गुंडाळलं, किल्ली उचलली, माझ्या देवघरात होती तिथे परत ठेवली आणि म्हणाले, “लाइन तुमच्याकडेच राहील, वहिनी. रिसिव्हर नीट ठेवायची धास्ती या सोसायटीत आता तुमच्याइतकी कुणालाच नाही.”