मामांच्या रेडिओसमोरचा पंचनामा

घरात रेडिओ आला की गोष्टी ऐकायला मिळतात, असं लोक म्हणतात. आमच्याकडे जरा वेगळंच झालं. रेडिओतली गोष्ट अर्ध्या तासात संपते आणि रेडिओसमोर बसलेल्या माणसांच्या गोष्टी मात्र आठवडाभर साचत राहतात. एक सांगायला जावं तर मागून दुसरी आठवते. माझी मैत्रीण कुसुम म्हणाली, “तू बोलत तर नाहीसच. निदान लिहून तरी काढ!”

म्हणून लिहिते आहे.

मी कन्हेरीची. शाळेसाठी बारामतीत मामांकडे राहते. यंदा दहावीत आहे आणि मॅट्रिकची परीक्षा अकरावीला, म्हणजे अजून एक वर्ष. ते वर्ष मला मिळेल की नाही याची मला सारखी धास्ती असते. कारण आमचे दादा, म्हणजे माझे वडील, बाजारच्या दिवशी आले की मामांना एकच गोष्ट ऐकवतात, “पोरगी वर्गात तोंड उघडत न्हाय, घरात तोंड उघडत न्हाय. नुसतं गप बसायला शाळा कशाला लागती?”

याला उत्तर द्यायचं तर आधी तोंड उघडावं लागतं!

*

दर गुरुवारी संध्याकाळी रेडिओवर गुप्तहेर रणदिव्यांची श्रुतिका लागते. मामा पुढच्या खोलीत सतरंजी घालतात. शेजारचे जमादारआबा येतात. ते पोलिसातून रिटायर झालेत. मामी आणि मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसतो.

मामांचे नियम दोन. पहिला, रेडिओच्या बटणाला त्यांच्याखेरीज कुणी हात लावायचा नाही. दुसरा, श्रुतिका संपली की प्रत्येकानं आपलं मत सांगायचं. भाग कसा वाटला, कुठं पटला, कुठं फसला. मत दिल्याशिवाय उठायचं नाही. याला मामा ‘पंचनामा’ म्हणतात.

शेवटचं मत माझं असतं. त्यामुळे रणदिवे खुन्याच्या मागे धावत असतात तेव्हा बाकीच्यांना खुन्याची काळजी, आणि मला माझी! श्रुतिका संपूच नये असं वाटणारी बारामतीत मी एकटीच असेन.

पहिल्या गुरुवारी माझी पाळी आली. मी घाम पुसला आणि म्हणाले, “चांगलं होतं.”

“चांगलं होतं म्हंजे?” मामा म्हणाले. “आगं, खून झाला तितं! जेवान हाय का ते?”

*

जमादारआबांचं आणि रणदिव्यांचं पटत नाही. कारण श्रुतिकेतला इन्स्पेक्टर दर वेळी चुकतो आणि रणदिवे दर वेळी त्याला हसतात. ते हसले की आबा इकडे मांडी बदलतात.

एकदा त्या इन्स्पेक्टरनं रक्तानं माखलेला सुरा चक्क हातानं उचलला. आबा ताडकन उठून रेडिओवर ओरडले, “आरं, हात नको लावू! ठसं जातील! कुणी शिकवलं रं तुला?”

इन्स्पेक्टरनं अर्थातच ऐकलं नाही. रणदिवे पुन्हा हसले. आबा पायताण घालून तरातरा निघून गेले, मत न देता! मामांच्या घरात असं कधी झालं नव्हतं. आता हे पुन्हा येणार नाहीत, आणि आबा आले नाहीत तर माझी पाळी आणखी लवकर येणार, या काळजीत माझा आठवडा गेला.

पुढच्या गुरुवारी आबा आले. डोक्यावर नोकरीतली जुनी टोपी, कमरेला पितळी बक्कलचा पट्टा. सतरंजीवर ताठ बसले.

“आबा, आज कुठं बंदोबस्त हाय का?” मामांनी विचारलं.

“न्हाय,” आबा रेडिओकडे बोट करून म्हणाले, “त्यो बिचारा एकटाच असतो. आपल्या खात्याचं कुणीतरी बसाय नको का त्याच्या बाजूनं?”

*

मामी रणदिव्यांचं काही मनावर घेत नाहीत. त्या निवडणं-टिपणं हातात घेऊन बसतात आणि वर बघतसुद्धा नाहीत. पण एका भागात एका श्रीमंत माणसाचा सकाळी खून झाला. दुपारी रणदिवे त्याच्या बंगल्यावर गेले. मेलेल्याच्या वहिनीनं त्यांना चहा दिला आणि बरोबर गरम भजी.

मामींच्या हातातलं सूप थांबलं. “हीच ती!”

“कशावरनं?” मामांनी दबक्या आवाजात विचारलं.

“घरात मढं झालंय सकाळी, आन् ही चूल पेटवून भजी तळती? शेजारणींनी पिठलं-भाकरी आणून द्यायची त्या दिवशी. हिला दुःख न्हाय, सुतक न्हाय. हिनंच मारला दिराला!”

आम्हाला सगळ्यांना पटलं. आबांनीसुद्धा मान डोलावली. उरलेला वेळ आम्ही त्या बाईवर नजर ठेवून होतो, म्हणजे कान ठेवून होतो. शेवटी रणदिव्यांनी पकडला तो डॉक्टर! वहिनी बिचारी निर्दोष.

पंचनामा सुरू झाला. मामा हसत म्हणाले, “काय, चुकलं का न्हाय तुमचं?”

मामी पुन्हा सूप पाखडायला लागल्या. “माझं न्हाय चुकलं. ज्यानं हे लिवलं, त्याच्या घरात अजून कुणी गेल्यालं दिसत न्हाय.” मग थोडं थांबून म्हणाल्या, “जाऊबी नये बिचाऱ्याच्या.”

*

एका गुरुवारी वारं सुटलं होतं आणि रेडिओची खरखर चालली होती. रणदिवे म्हणाले, “सभ्य स्त्री-पुरुषहो, खुनी याच खोलीत आहे आणि त्याचं नाव आहे...” आणि वीज गेली!

ती आली तेव्हा रेडिओवर बाजारभाव चालले होते.

मामा रात्री नीट जेवले नाहीत. सकाळी मला म्हणाले, “तुमच्या भूमितीच्या सरांकडं रेडिओ हाय ना? इचारून ये. एवढं काम कर.”

शाळेत कुसुमनं मला शिक्षकांच्या खोलीपर्यंत हात धरून नेलं आणि आत ढकललं. सरांनी वर बघितलं. “काय गं?” मी खाली बघितलं. हातात भूमितीचं पुस्तक होतं. सरांना वाटलं, अडलं असेल. त्यांनी पाटी घेतली, त्रिकोण काढला आणि आख्खं प्रमेय मला पुन्हा समजावून सांगितलं. “समजलं?” मी मान हलवली. “आणखी काही शंका?” मी मान हलवली, आडवी.

मी दारापर्यंत पोहोचले तोच सर मागून म्हणाले, “पुतण्या!”

मी वळून बघितलं.

“खुनी पुतण्या होता. अगं, सकाळपासून दोन शिक्षक आले, शिपाई आला, शाळेसमोरचा सायकलवाला आला, सगळे तेच विचारून गेले. तू एकटीच भूमिती शिकून निघालीस!”

*

रणदिव्यांचं ऐकून ऐकून मला एक खोड लागली. मी माणसांकडे बघते. बोलायचं नसलं की बघायला वेळ मिळतो. कुणाच्या टाचेला कसली माती आहे, कुणी कोणत्या हातानं पान खाल्लं. कुसुम म्हणते, “तुझ्याबरोबर चालताना मला चोरी केल्यासारखं वाटतं.”

एका बुधवारी शाळेतून आले तर दादा ओट्यावर बसलेले. बाजार गुरुवारचा, मग हे बुधवारी का? धोतर परीटघडीचं. आत मामी चिंचेनं तांब्या-पितळेची भांडी घासत होत्या, आणि आमच्याकडे तर कसलाही सण नव्हता. दोरीवर मामींची जरीकाठी साडी वाऱ्यावर घातलेली. मामी ती साडी स्वतः नेसणार असत्या तर तिला जुळतं पोलकं शेजारी असतं. ते नव्हतं. त्याऐवजी माझं पोलकं होतं, बाह्या उसवून मोठं केलेलं.

मला कुणी काही सांगितलं नव्हतं. पण कळलं. उद्या मला बघायला येणार!

उलगडा झाला की रणदिवे खूष होऊन शीळ घालतात. मला वाटलं, यांना आनंद होतो तरी कसा? भूमितीचं पुस्तक उराशी धरून मी तशीच कुसुमकडे पळाले आणि तिला सगळा पुरावा क्रमानं सांगितला. एका दमात इतकं मी जन्मात बोलले नव्हते.

कुसुमनं ऐकून घेतलं आणि सुस्कारा टाकला. “गुन्हा बरोबर शोधलास गं. पण ह्यात मरणारी तूच!”

*

आणि तो गुरुवार उजाडला.

स्थळ इंदापूरचं. मध्यस्थ तात्यांनी दादांना सगळं सांगून ठेवलं होतं. कॅनॉलखालचा ऊस, विहिरीवर इंजिन, घरात रेडिओ, आणि मुलगा मॅट्रिक पास. दादांना त्यातला रेडिओ फार आवडला. मामींना म्हणाले, “बोलत तर न्हाईच. तितं ऐकत तरी बसंल!” मुलीनं शिकायचं की नाही, हा प्रश्न त्यांच्या दृष्टीनं तिथंच मिटला होता. पसंती आली की याच वर्षी बार उडवायचा.

दिवेलागणीला पाहुणे आले. मुलगा, त्याचे वडील अण्णा आणि तात्या. मी पोहे दिले आणि पाटावर बसले. अण्णांनी नाव विचारलं. मी सांगितलं. कुणाला ऐकू गेलं नाही. मामींनी दारातून मोठ्यानं सांगितलं, “विमल!”

तेवढ्यात नेहमीप्रमाणे टोपी-पट्टा चढवून जमादारआबा आले आणि पाहुण्यांना रामराम करून सतरंजीवर बसले. मामा सारखे घड्याळाकडे बघत होते. ते अण्णांच्या ध्यानात आलं.

“लावा की रेडिओ!” अण्णा म्हणाले. “आमच्या घरीबी गुरुवारी हेच असतंय.”

मामांचा जीव भांड्यात पडला. आणि त्या आनंदात त्यांनी जे कधी केलं नव्हतं ते केलं. मुलाला म्हणाले, “मग लावा की पाव्हणं, तुमीच लावा!”

मुलगा उठला. त्यानं बटण फिरवलं. काचेमागे दिवा लागला. आवाज नाही. त्यानं लगेच बटण बंद केलं. पुन्हा फिरवलं. दिवा लागला, आवाज नाही. पुन्हा बंद. मग त्यानं रेडिओच्या डोक्यावर दोन चापट्या मारल्या. मामांनी डोळे मिटून घेतले.

“बिघडलाय जनू,” मुलगा म्हणाला.

“असंल, असंल,” म्हणत मामा उठले. त्यांनी बटण फिरवलं आणि हात बांधून उभे राहिले. आमचा रेडिओ आधी तापतो आणि मग बोलतो. तोवर मामी चहाचं आधण ठेवून येतात. थोड्या वेळानं रणदिव्यांचा आवाज आला.

भाग हरवलेल्या अंगठीचा होता. मी एक शब्द ऐकला नाही. पाटावर खाली मान घालून बसले होते आणि शाळेतला माझा बाक डोळ्यांपुढे येत होता. पुढच्या वर्षी तिथं कोण बसेल?

श्रुतिका संपली. पंचनामा सुरू झाला. आबा म्हणाले, “इन्स्पेक्टर आज जरा बरा वागला.” अण्णा म्हणाले, “झकास!” मुलगा पायावर पाय टाकून म्हणाला, “मला पयल्यापासनं ठावं होतं चोर कोण ते. दर गुरुवारी घरी ऐकतो न्हवं!”

आणि मामा सवयीनं बोलून गेले, “हां, विमल. तुझं मत?”

बोलल्यावर त्यांनी जीभ चावली. मामी दारातून ‘नको, नको’ अशी मान हलवायला लागल्या. दादा जमिनीकडे बघत होते. बाकीचे सगळे माझ्याकडे बघत होते. मला फक्त ‘चांगलं होतं’ म्हणायचं होतं. तेवढंच म्हणायचं होतं! तोंड उघडलं आणि निघालं ते असं, “यांच्या घरी रेडिओ नाही.”

जमादारआबांनी टोपी सरळ केली.

“कशावरनं?” आबांनी विचारलं. आवाज थेट चौकीतला.

“दिवा लागल्यावर आवाजाची वाट बघितली नाही,” मी पाटाला सांगितलं. “ज्याच्या घरी असतो तो थांबतो.”

अण्णांनी तात्यांकडे बघितलं. तात्यांनी छताकडे बघितलं. मुलाच्या कपाळावर घाम आला. त्यानं रुमाल काढला, एकदा आबांच्या कमरेच्या पट्ट्याकडे बघितलं आणि भडाभडा बोलायला लागला, “न्हाय. रेडिओ न्हाय आमच्यात. स्टँडावरच्या हाटेलात ऐकतो. तितं मालकच लावतो. आन् मॅट्रिकचं इंग्रजी राहिलंय. गणितबी राहिलंय!”

गणिताचं कुणी विचारलंही नव्हतं.

आबा थक्क होऊन माझ्याकडे बघत राहिले. “आख्ख्या नोकरीत,” ते म्हणाले, “इतक्या लवकर कबुली मला कुणी दिली न्हाय!”

पाहुणे चहा न घेता गेले. तात्या त्यांच्याही पुढे गेले. मी स्वयंपाकघरात भिंतीला टेकून उभी होते. आता आजच मला कन्हेरीला नेणार, उद्यापासून शाळा नाही. बाहेर दादांनी पटका बांधल्याचा, पायताण घातल्याचा आवाज आला.

“दाजी,” मामांनी हळूच विचारलं, “मग पोरीचं काय करायचं?”

“राहू द्या हितंच,” दादा म्हणाले. “मॅट्रिक होऊ द्या.”

“बोलली म्हनून?”

“बोलल्याचं काय न्हाय वो! पर घरी न्हेली तर रोज माझ्याकडं बघत बसंल!”

मी दारातून डोकावले. मला बघताच त्यांनी सदऱ्याचा फुगलेला डावा खिसा हातानं झाकला आणि मागं वळून न बघता भराभरा स्टँडकडे निघाले.