दौंडचा ऑर्गन आणि घसरलेला सूर

आमच्या घरात पहिला बी.एस्सी. मीच. आई शिरूरभर सांगत फिरली. नोकरी लागेपर्यंत मी दौंडला मामांकडे होतो. मामा रेल्वेत फिटर आणि वस्तीच्या गायनपार्टीत पेटी वाजवून गाणारे. त्या वर्षी आमचा जयंतीचा कार्यक्रम पहिल्यांदाच रेल्वेच्या हॉलमध्ये होता. तिथं विजेवर चालणारा जुना ऑर्गन होता, आणि तो वाजवणाऱ्या बाई आपणहून साथीला तयार झाल्या. मोठा बाजा साथीला आहे, असं मामांनी सगळ्या वस्तीला सांगून ठेवलं.

सकाळच्या तालमीत पेटी आणि ऑर्गन एकजीव लागले. संध्याकाळी हॉल भरला, आणि दोन्हींचे सूर एकमेकांना चावायला लागले. ऑर्गन उतरला होता.

"व्होल्टेज न्हाई. स्टॅबिलायझर आणा," मामा म्हणाले.

कुणीतरी आणला. काही फरक पडला नाही.

सकाळीच बाईंनी मागची फळी काढून मला आतलं दाखवलं होतं. एका मोटरवर लोखंडी चकत्या फिरतात. चकतीच्या कडेला दाते, समोर लोहचुंबक आणि त्यावर तारेचं वेटोळं. दाता समोरून गेला की वेटोळ्यात बारीकशी वीज उठते. सेकंदाला जितके जास्त दाते जातील, तितका सूर उंच. वर ओढायच्या दांड्या असतात. एक ओढली की खर्ज मिसळतो, दुसरी ओढली की वरचा स्वर. जितकी ओढाल तितका जास्त. असा आवाज घडतो. व्होल्टेज कमी असतं तर आवाज बारीक झाला असता, सूर उतरला नसता. ही मोटर विजेच्या सायकल्सच्या, म्हणजे सेकंदाला होणाऱ्या आवर्तनांच्या, तालावर फिरते, आणि संध्याकाळी राज्यभर विजेवरचा बोजा वाढला की त्या घसरायच्या.

"मामा, पेटी बाजूला ठेवा. गळा खाली येतो, पेटी येत नाही."

"आलं आमचं बी.एस्सी.! तुझ्या आईच्या लग्नात ह्याच पेटीवर गायलोय मी!"

"मग ऑर्गन बंद करू. लोकांना तुम्हीच सांगा."

मामांनी समोरच्या गर्दीकडं पाहिलं. मग भाता बंद केला.

"सा द्या, बाई."

गाणं लागलं. तिसऱ्या गाण्यापर्यंत कुठंतरी बोजा हलका झाला असावा. ऑर्गन हळूहळू चढला, आणि त्याच्याबरोबर मामांचा गळाही. त्यांना पत्ताच नाही.

खाली उतरल्यावर म्हणाले, "बघितलंस, शेवटी गळा कसा चढला?"

मी खरं कारण सांगितलं.

"व्हय का? मग लोकांनी टाळ्या काय विजेला वाजवल्या?"