गॅलरीतला दुधी

बाजारात कोवळा दुधी दिसला की मला खरवईच्या आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आठवतो आणि डोकं फिरतं. एका वर्षी आईने कॅलेंडरवर वर्षभराची तीन कामं लिहिली होती: गॅलरीची भिंत रंगवायची, गोधडी शिवायची, गॅलरीत दुधीचा वेल चढवायचा. ग्रिलभर पांढरी फुलं आली, पहिला दुधी धरला आणि हा सेक्रेटरी दारात हजर. "वहिनी, वेल काढा. बाहेरून बिल्डिंगचं एलिव्हेशन खराब दिसतंय." "भाऊजी, एवढा एक दुधी होऊ द्या." "मिटिंगमध्ये ठरलंय." माझं निषेधाचं पत्रक लिहून होईपर्यंत आईने वेल कापलासुद्धा, घरभर हिरवट वास. आता दर जानेवारीला ती फक्त गोधडी लिहिते. वेलाचं काय, असं मी चिडून विचारते, तर म्हणते, "गोधडी बाहेरून दिसत नाही गं."